गप्पींचं बाळंतपण

आदिनाथला मी लोणावळ्याहून चिक्की आणायला सांगितली होती. तो मासे घेऊन आला.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. त्याच्या कंपनीतल्या एका साहेबांचा तुंगार्लीला बंगला आहे. साहेबांची बदली झाली, सामानाचा ट्रक दाराशी लागला, आणि "हे कुठे नेऊ एवढ्या लांब?" असं म्हणत त्यांनी काचेची टाकी, पंप, दिवा, तळाशी घालायचे रंगीत खडे आणि पाच गप्पी मासे आमच्या गाडीत ठेवून दिले. फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणायची माझ्या नवऱ्याच्या घराण्यात पद्धत नाही. चिक्कीचं विचारलं तर म्हणाला, "दुकानात गर्दी होती गं."

पाच मासे. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे, कारण यानंतरचा एकही आकडा मला खात्रीने सांगता येणार नाही.

मी तळेगावातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पुनरुत्पादनाचा धडा एकोणीस वर्षं शिकवते आहे, मागच्या बाकावरच्या खिदळणाऱ्या पोरांना उभं करून शिकवते. त्या पाचांत तीन माद्या आहेत हे पाहिल्यावर पुढे काय होणार ते मला कळायला हवं होतं. नाही कळलं. चार आठवड्यांनी आमची आठवीतली प्रेरणा शांतपणे म्हणाली, "आई, टाकीत कचरा पोहतोय. आणि कचऱ्याला डोळे आहेत."

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. एकेक मादी वीस-वीस, तीस-तीस. मी पुस्तक काढलं, इंटरनेट पाहिलं. सगळीकडे एकच दिलासा होता की काही करू नका, मोठे मासेच पिल्लांना खाऊन टाकतात, त्यांची आईसुद्धा. वाचून जरा कसंतरी झालं, पण हायसंही वाटलं. निसर्ग आपलं काम करील आणि मी माझ्या वह्या तपासीन, असं मी ठरवलं.

निसर्गाने काही काम केलं नाही. पिल्लं कमी होण्याऐवजी वाढत चालली. आधी एक बरणी भरली, मग दुसरी. कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी गेली, मुरांब्याची गेली, बाल्कनीत काचेच्या भांड्यांची रांग लागली. कोण भरतंय या बरण्या? आदिनाथ म्हणे प्रेरणा, प्रेरणा म्हणे बाबा.

घरात चौथं माणूसही होतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

चौथं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. कामशेतच्या पुढे पवनेच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे त्या एकट्या राहतात. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना तळेगावला आणलं होतं. आत्यांना परत पाठवायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्याला कारण होतं. गेल्या पावसाळ्यात त्या ओसरीच्या पायरीवरून घसरल्या आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तिथेच पडून होत्या. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या कधीच आमच्याकडे टिकत नसत. आठव्या दिवशी पिशवी भरायच्या आणि नवव्या दिवशी "आदी, सोड मला" म्हणायच्या. या खेपेला मात्र महिना झाला तरी पिशवीला हात लावला नव्हता. माझ्या हाताला चव आली असावी, असं मला वाटायला लागलं होतं. आदिनाथला मी तसं बोलूनही दाखवलं.

एके दिवशी पहाटे साडेपाचला चहा ठेवला आणि गाळणी सापडेना. शोधत बाहेरच्या खोलीत आले तर टाकीचा दिवा लागलेला, समोर स्टुलावर आत्या पदर खोचून बसलेल्या, आणि माझी चहाची गाळणी पाण्यात.

"आत्या, काय करताय?"

"गप ऱ्हा. ही मोठी टपून बसलीया. तिचीच पोरं हायेत, पन तिला कुटं ठावं." त्यांनी गाळणी अलगद उचलली, आतलं टाचणीएवढं पिल्लू शेजारच्या बरणीत सोडलं, आणि पुन्हा पाण्यात हात घातला.

"अहो, खाऊ देत त्यांना. निसर्गात असंच असतं. सगळी जगली तर ठेवायची कुठे?"

आत्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने जरा जास्तच स्वच्छ पाहिलं. "आई पोरं खाती, आन तू शाळंत शिकिवतीस निसर्ग म्हनून?"

मी पातेल्यातला चहा तसाच वरून ओतून घेतला आणि चहापत्तीसकट प्यायले.

आत्या वाडीच्या सुईण होत्या. चाळीस वर्षं त्या अंगाच्या तीन-चार वाड्यांतलं एकही मूल त्यांच्या हाताशिवाय जन्माला आलं नव्हतं. आता रस्ता झाला, गाडी बोलावली की येते, बायका कामशेतला दवाखान्यात जातात. ते चांगलंच झालं, असं आत्याच म्हणतात. पुढे एवढंच म्हणतात, "पन हाताला काम न्हाई ऱ्हायलं."

"डोळ्याची पट्टी सोडली तवा पयलं ह्येच दिसलं मला," त्या दिवशी त्यांनी सांगितलं. "काचंला नाक लावलं तर एवढुसं पोर. डोळंच मोठं, आंग न्हाईच. लय दिसांनी आसं काय दिसलं."

मग सगळाच उलगडा झाला. उकडलेल्या अंड्याचा बलक रोज थोडा कमी का असतो, मनीप्लांटच्या मुळ्या कापून कोण नेतं, नळाचं पाणी रात्रभर पातेल्यात का भरून ठेवलेलं असतं. "नळाला दवाचा वास आसतो. रातभर ठिवलं का जातो," हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या मादीचे दिवस भरलेत हे त्या पोटाखालचा काळा डाग पाहून सांगायच्या. "ही दुपारपतूर मोकळी व्हईल," म्हणाल्या की मी शाळेतून येईपर्यंत झालेली असायची. आणि एकदा मादी बाळंतपणाला बसली की घरात मोठ्याने बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, दिवा मालवायचा. भारताची क्रिकेटची मॅच आदिनाथने मोबाईलवर, आवाज बंद करून, बाथरूममध्ये पाहिली.

मला कौतुक वाटत नव्हतं असं नाही. पण कौतुकाने बरण्या रिकाम्या होत नाहीत. मी उपाय सुरू केले.

नर वेगळे केले, माद्या वेगळ्या. शास्त्रशुद्ध. महिन्याने माद्या पुन्हा व्याल्या. या माद्या एकदा संग झाला की कितीतरी महिने पुरेल एवढी तरतूद आत साठवून ठेवतात, हे मला नंतर वाचायला मिळालं. आत्यांना न वाचता माहीत असावं. "बाप परगावी ग्येला म्हनून बाळतपन थांबतंय व्हय?" म्हणत त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

स्टेशनजवळ माशांचं दुकान आहे. तिथे डबा घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गप्पी कोण घेणार? माद्या तर मी ठेवतच नाही, त्यांना रंग नसतो." आरोग्य केंद्रात डासांसाठी गप्पी लागतात म्हणून फोन केला, तर तिथल्या बाई दिलगिरीच्या सुरात म्हणाल्या की आमचाच हौद ओसंडून वाहतोय, तुम्हाला हवेत का? आदिनाथ म्हणाला तुंगार्लीच्या तळ्यात सोडून येतो, जिथून आले तिथे गेले. ते तळ्यातून नव्हे, बंगल्यातून आले होते, आणि बाहेरचे मासे तळ्यात सोडले की तिथल्या माशांच्या तोंडचं काढून घेतात, हे मी त्याला चांगला अर्धा तास समजावलं. मग तो म्हणाला एखादा मोठा मासा आणू, तो यांना खाईल. हे तो आत्यांच्या समोर बोलला. त्या दिवशी त्याला भाकरी गार मिळाली.

संक्रांत आली. आणि वाणात काय द्यायचं याची दरवर्षीची डोकेदुखीही आली.

ज्यांच्या घरी हळदीकुंकू असतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, गाळण्या, रुमाल, दर संक्रांतीला सोसायटीत घरोघर फिरत असतात. मी कधीतरी दिलेला एक निळा डबा पाच वर्षांनी माझ्याचकडे वाण म्हणून परत आला. आत माझ्याच अक्षरात "जिरे" लिहिलेली पट्टी होती. तर मी बाल्कनीतल्या बरण्यांकडे बघत उभी होते, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाणाला कुणी नाही म्हणत नाही. म्हणताच येत नाही.

शनिवारी संध्याकाळी आदिनाथ आत्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला घेऊन गेला होता. इकडे अठरा बायका जमल्या. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, अत्तर लावलं, आणि प्रत्येकीच्या हातात झाकणाला भोकं पाडलेली एकेक बरणी ठेवली. बरणीत तीन-चार मासे, मनीप्लांटची एक काडी, वर लाल रिबीन.

सोसायटीच्या सेक्रेटरी राजेश्वरीताईंनी बरणी उजेडाकडे धरली. "हे जिवंत आहे?"

"वाण आहे," मी म्हटलं.

त्यांनी बरणी पदराखाली घेतली. तिसऱ्या मजल्यावरची सारिका बँकेत आहे, घरात साधं रोपटंही ठेवत नाही. तिला मी सगळ्यात मोठी मादी दिली, एकटीच, कारण ती तिघांची जागा खायची. सारिकाने बरणी दोन बोटांत धरून नेली. सात वाजता माझी बाल्कनी मोकळी होती. टाकीत फक्त दोन नर ठेवले होते, प्रेरणासाठी, शोभेला. मी लोणच्याची बरणी गरम पाण्याने धुऊन उपडी घातली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

आत्या आल्या, चपला काढल्या, सरळ बाल्कनीत गेल्या. तिथून आवाज आला, "पोरं कुटं गेली?"

"लुटली, आत्या," मी उत्साहाने म्हटलं. "अठरा जणींना लुटली. एकसुद्धा उरलं नाही."

वाण लुटलं असंच म्हणतात आमच्यात, दुसरा शब्द नाही. मी वाईट काही बोलले नव्हते. पण आत्यांनी तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला, "लुटली," आणि मला पहिल्यांदा तो ऐकू आला. मग त्यांनी हात-पाय धुतले आणि निजायला गेल्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उठले तेव्हा त्या टाकीपुढे बसल्या होत्या. दोन्ही नर आपल्या रंगीत शेपट्या फुलवून इकडून तिकडे मिरवत होते. "ह्ये बाप्ये नुस्ते नाचत्यात," आत्या म्हणाल्या. गाळणी माझ्या ओट्यावर होती.

मंगळवारी त्यांनी पिशवी काढली. "आदी, रविवारी सोड मला वाडीला."

आदिनाथ म्हणाला थंडी संपू दे. प्रेरणा म्हणाली माझी परीक्षा होऊ दे. मी विचारलं, "आत्या, माझं काही चुकलं का? जेवण आवडत नाही का?"

"न्हाई गं. ग्वाड हाय समदं." त्या लुगड्याची घडी घालत होत्या. "पन हितं मला काय काम हाय?"

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ती ओसरीची पायरी दिसली. महिनाभर मी माझ्या हाताच्या चवीचा टेंभा मिरवला आणि त्यांचं काम मात्र रिबिनी बांधून वाटून टाकलं. माझी मलाच चीड आली. बुधवारी शाळेतून येताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून चार गप्पी आणले. आत्यांनी काचेला डोळा लावला. "आनखी चार बाप्ये आनलेस."

खरंच चारही नर होते. माद्या तो ठेवतच नाही हे तो मला आधी सांगून चुकला होता, आणि घाईत मी ते विसरले होते.

मग मी असं काम केलं जे सोसायटीच्या इतिहासात कुणी केलं नसेल. दिलेलं वाण परत मागायला निघाले.

राजेश्वरीताईंनी ते वडगावला नणंदेकडच्या हळदीकुंकवात पुढे दिलं होतं. नणंदेने कुणाला दिलं ते नणंदेलाच आठवत नव्हतं. एकीने माहेरी पाठवलं होतं. एकीचे सासरे बरणीपुढून हलत नव्हते, पेपरसुद्धा तिथेच बसून वाचत होते, त्यांच्याकडून काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. एकीने बरणी उन्हात ठेवली होती, ते मी आत्यांना सांगितलं नाही. बाकीच्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता मागताय? आम्हाला सवय व्हायला लागली." रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालू असतात, म्हणून फिरत्या वाणातून तरी मासे हाती लागतील या आशेने मी त्या तीन दिवसांत चार घरी गेले. दोन परड्या, एक रुमाल आणि एक चहाची गाळणी मिळाली. सारिकाच्या घराला कुलूप होतं, ती बँकेच्या ट्रेनिंगला गेली होती.

रविवार उजाडला. आत्यांनी नवं लुगडं नेसलं, देवाला हात जोडले, प्रेरणाच्या तोंडावरून हात फिरवला. आदिनाथ पिशवी घेऊन खाली गाडीपाशी गेला. आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या आणि मी मागे, त्यांच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत होते. माझा फोन वाजला.

"श्रद्धा," सारिका म्हणाली, "तुझं वाण विचित्र वागतंय."

"म्हणजे?"

"मी काल रात्री आले. सकाळपासून ते कोपऱ्यात उभं आहे. हलत नाही आणि धापा टाकतंय. मी काही केलेलं नाही. फक्त जाताना शेजारी किल्ली देऊन गेले होते, त्यांनी पोळी घातली असेल."

आत्या थांबल्या होत्या. "कोन हाय? काय म्हनती?"

मी सांगितलं.

"इचार, प्वाट चौकोनी झालंय का."

सारिका फोन घेऊन बरणीपाशी गेली. जरा वेळाने घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हो गं. खोक्यासारखं दिसतंय."

आत्यांनी पायरीवरचं पाऊल मागे घेतलं. कठड्यावरून वाकून त्यांनी खाली हाक दिली, "आदी, थांब रं वाईच." आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई लुगड्याचा घोळ एका हातात धरून दोन मजले अशा चढून गेल्या की मला धाप लागली.

सारिकाच्या घरात शिरताच त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सुरुवात केली. "पडदा वढ. त्यो टीव्ही बंद कर. कालचं भरल्यालं पानी हाय का? नळाचं नको. मोठं भांडं आन काचंचं. आन बरनी कुनी टेबलावर ठिवली? पंखा लागतो तितं." बँकेत दहा माणसांना कामाला लावणारी सारिका "हो आजी, हो आजी" करत धावत होती. तिने लग्नातला कधी न वापरलेला काचेचा मोठा वाडगा काढला. आत्यांनी बरणी पाण्यात कलंडती धरून मादीला स्वतःहून बाहेर येऊ दिलं. मग हात मागे करून म्हणाल्या, "गाळनी."

माझ्या खांद्याला पर्स होती आणि तिच्यात हळदीकुंकवातून मिळालेली गाळणी अजून तशीच पडलेली होती. मी ती त्यांच्या हातात दिली.

दोन तास लागले. पहिलं पिल्लू गुंडाळीसारखं बाहेर आलं, तळाशी गेलं, उलगडलं आणि पोहायला लागलं. सारिका जमिनीवर बसून वाडग्याला नाक लावून पाहत होती. तिसऱ्या पिल्लाला तिने मोठ्याने "अगं बाई" म्हटलं आणि आत्यांनी तिला दटावलं. आई वळून पिल्लाकडे निघाली की आत्यांची गाळणी मधे जायची. मी दुसऱ्या भांड्यात पिल्लं घेत होते. शाळेत जे फळ्यावर काढून दाखवते ते असं गुडघे टेकून पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला रडू का येत होतं ते मला सांगता येणार नाही. चोवीसपर्यंत मोजली, पुढे आत्यांनी मोजू दिली नाहीत. खालून आदिनाथने तीनदा हॉर्न वाजवला.

सगळं आटोपलं तेव्हा सारिका भानावर आली. "आजी, पण एवढी पिल्लं मला नको आहेत हो. खरं तर हा एकसुद्धा मासा नको होता. तुमच्या सुनेने गळ्यात मारला."

आत्या हात पुसत होत्या. "नको व्हती तसली पोरं मी लय बघितली," त्या म्हणाल्या. "तिसरी पोरगी झाली का बाप गोठ्यात जाऊन बसायचा. सासू चूल पेटवायची न्हाई. म्हनून मी पाचवी व्हईपतूर त्या घरातून हालत नव्हते. बाळतिनीपाशीच निजायची. मी हाय म्हनल्यावर कुनाची काय करायची टाप नव्हती. पाच दिसात पोर आंगाचा वास लावतं मानसाला. पाचवीला सटवाई पुजायच्या वक्ताला त्यो बाप हळूच दारात यायचा, वाकून बघायचा. त्यो बघून ग्येला का मंग मी माझ्या घरी."

सारिका भांड्यावर वाकली. "म्हणजे मी पाच दिवस ठेवू?"

"पाच दिस ठिव. येक-येक येळंला सुईच्या टोकावर बलक दे. मंग बी नको वाटली तर आन माझ्याकडं."

"खाली ना?"

"खालीच की. आनखी कुटं?"

ते मी ऐकून ठेवलं. जिना उतरताना धीर करून विचारलं, "आत्या, वाडीला?"

"बाळतीन टाकून कसं जायाचं? पाचवी तर व्हऊ दे."

आदिनाथने पिशवी परत वर आणली. त्याने काही विचारलं नाही, हे त्याचं मला आवडतं. मी मात्र लगेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: ज्यांच्याकडे आमचं वाण आहे त्यांनी पोटाचा फोटो टाकावा. दुपारपर्यंत सात फोटो आले. वडगावच्या नणंदेनेसुद्धा शोध घेऊन एक पाठवला. आत्यांनी मोबाईल डोळ्याजवळ धरून एकेक तपासला. "हिचं शुक्करवारी. हिला आजून आठ दिस. ही पोटुशी न्हाई, हिला लय खायाला घालत्यात." मी वहीत तारखा लिहून घेतल्या आणि प्रत्येक तारखेत पाच मिळवले. शेवटची पाचवी फाल्गुनात येत होती, आणि तोवर आज जन्मलेल्या माद्याही काही गप्प बसणार नव्हत्या. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी यावर काहीतरी उपाय करायला हवा होता. मी वही मिटली.

संध्याकाळी आत्या बाल्कनीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मनात होतं ते बोलून टाकलं. "आत्या, मासे नसते तर तुम्ही राहिला नसतात. मला उगाच वाटत होतं की माझ्यासाठी राहिलात."

त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "आदीनं तुला आनली त्याला किती वरसं झाली?"

"अठरा."

"तवा मला तू नको व्हतीस," त्या सरळ म्हणाल्या. "शाळामास्तरीन, शेहेरातली, भाकरी येत न्हाई. उंबऱ्यावर बघितली आन म्हनलं, ही काय आपली न्हाई."

अठरा वर्षांत त्यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. "मग बोलला का नाहीत कधी?"

"पाच दिस गप ऱ्हायले."

"आणि मग?"

आत्यांनी माझ्या हातात अर्धा लसूण दिला. "मंग काय. पाचवी झाली."